निळ्या दोऱ्याच्या कुप्या

जाड दार सरकलं आणि केतकी बाहेर आली ती हसतच. नुसतं गालातल्या गालात नव्हे. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसून झाल्यावर माणूस ओठ दाबून स्वतःला सावरतो ना, तशी. तिच्या मागून डॉ. यासिर परकार आला. त्याचा चेहरा अगदी गंभीर होता, आणि विनोद करणाऱ्याचाच चेहरा असा गंभीर असतो हे निनाद बिराजदारला पक्कं ठाऊक होतं. लग्नाआधी केतकीला असं हसवण्याचं खातं त्याच्याकडे होतं.

"काय झालं एवढं हसायला?" त्याने विचारलं.

"काही नाही रे."

"काय बोलत होतात आत?"

"हवापाण्याचं."

"चार तास हवापाण्याचं?"

केतकीने पदराने डोळे टिपले. परकारने मात्र मान लववून "येतो बिराजदारसाहेब" म्हटलं आणि तो पाहुण्यांच्या निवासाकडे चालू लागला. निनादही "या डॉक्टरसाहेब" म्हणाला. मनातल्या मनात तो त्या माणसाला अरे-तुरेच करायचा. पण करारात सौजन्याचं स्वतंत्र कलम होतं.

हे सगळं घडत होतं वेताळसड्यावर. वेताळसडा म्हणजे कोकणातलं एक उघडंबोडकं कातळाचं पठार. तिथे झाड उगवायला राजी नसे, पण सरकारने पडताळणी केंद्र उगवून दाखवलं होतं. आपण आणि आपले शेजारी, दोघांकडेही अण्वस्त्रं. आपण वर्षानुवर्षं सांगत आलो की पहिला वार आम्ही करणार नाही, पण आमच्यावर कोणी केला तर त्याला उभं राहू देणार नाही. धाक असा हवा की कोणाचा हातच उचलला जाऊ नये. बोलायला हे ठीक आहे, पण नुसत्या शब्दावर शेजारी कशाला विश्वास ठेवील? आपण तरी त्याच्या शब्दावर कुठे ठेवत होतो? शेवटी दोन वेळा युद्धाच्या तोंडाशी जाऊन आल्यावर दोघांनी करार केला. क्षेपणास्त्राचं धड एकीकडे आणि डोकं दुसरीकडे ठेवायचं. डोकी पेट्यांत बंद करायची आणि एकमेकांच्या माणसांना ती तपासू द्यायची. डोकं पेटीत असेल तर ते धडावर नाही, आणि धडावर नाही म्हणजे कोणी रागाच्या भरात बटण दाबलं तरी विचार करायला दोन दिवस मिळतात.

घोडं अडलं ते तपासण्यापाशी. पेटीत खरा बॉम्ब आहे की शिशाचा गोळा, हे कळायला ती उघडून दाखवायला हवी. आणि उघडून दाखवणं म्हणजे बनवायला शिकवणं. ही विद्या कोणी कोणाला द्यायची नाही, असा तर साऱ्या जगाने घालून घेतलेला दंडक. म्हणजे दाखवायचं तर आहे, पण दिसू द्यायचं नाही.

केंद्रात कोणी मंत्रीबिंत्री आले की केतकी त्यांना हे चिंचोक्यांवर समजावून सांगे. "समजा, माझ्या एका मुठीत काही चिंचोके आहेत आणि दुसऱ्या मुठीत काही. दोन्हीकडे सारखेच आहेत हे तुम्हाला पटवायचंय, पण किती आहेत ते सांगायचं नाही. मग मी दोन पिशव्या घेते. मुठीतल्यांना शंभर व्हायला जितके कमी पडतात, तितके चिंचोके प्रत्येक पिशवीत भरते. कुठली पिशवी कुठल्या मुठीला द्यायची, ते तुम्ही ठरवा. दोन्ही ढीग मोजा. दोन्ही शंभर भरले, तर मी खरी. लबाडी केली असेल तर एक तरी ढीग चुकणारच. आणि खरी ठरले, तर तुम्हाला कळलं फक्त शंभर. माझ्या मुठीतलं माझ्या मुठीतच राहिलं."

मंत्री मान डोलवत. समजलं नसलं तरी डोलवत.

खऱ्या कामात चिंचोक्यांच्या जागी न्यूट्रॉन असत आणि पिशव्यांच्या जागी कुप्या. बोटभर लांबीची काचेची कुपी, तिच्यात पारदर्शक जेल आणि जेलमध्ये डोळ्याला न दिसणारे द्रवाचे थेंब. न्यूट्रॉन येऊन थेंबावर आदळला की थेंबाचा बुडबुडा होतो आणि तो तिथेच अडकून राहतो. ना तार, ना चिप, त्यामुळे कोणी दुरून त्यात ढवळाढवळ करायची सोय नाही. एका बाजूला दोन्ही देशांनी मान्य केलेलं नमुन्याचं डोकं, दुसऱ्या बाजूला तपासायची पेटी. दोन्हींमधून न्यूट्रॉनचा झोत सोडायचा आणि मागे कुप्यांची चौकट लावायची. कुप्यांत किती बुडबुडे आधीच भरून ठेवायचे, ते फक्त यजमानाला माहीत. कुठली चौकट कुठे लावायची, ते पाहुणा ठरवणार. शेवटी सगळ्या कुप्या सारख्याच भरल्या, चित्र सपाट आलं, की पेटीतला बॉम्ब खरा. काही आकार दिसला, तर खोटा. काम झालेल्या कुप्यांत काहीच गुपित उरत नसे, म्हणून त्या आतल्याच बादलीत टाकून देत. कुपी पुन्हा वापरायची असेल तर तिचं टोपण घट्ट पिळायचं. आत दाब वाढे, बुडबुडे विरून पुन्हा थेंब होत आणि कुपी पुसली जाई.

कुप्या आधीच भरून ठेवण्याचं काम निनादचं. पाहुण्याबरोबर आत बसायचं काम केतकीचं. आत कोणी एकट्याने थांबायचं नाही, हा नियम. एक त्यांचा आणि एक आपला, अशी जोडीच हवी. झोत मुद्दाम सौम्य ठेवलेला, म्हणून एकेका तपासणीला चार तास लागत. तेवढा वेळ दोघांनी पाण्याने भरलेल्या जाड काचेच्या खिडकीसमोर एका बाकावर बसून नजर ठेवायची. बरोबर फोन नाही, घड्याळ नाही, कानातलं यंत्रसुद्धा नाही, कारण कुठल्या यंत्रात काय दडवलं असेल ते कोणी सांगावं. त्या खोलीला सगळे गाभारा म्हणत. आत देव कुठला, ते विचारू नये.

आता गंमत बघा. त्या काळात माणसाचं बोलणं कुठे ना कुठे टिपलं जात नाही, अशी जागाच उरली नव्हती. केंद्रातल्या वसाहतीत तर प्रत्येक घराच्या छताला वाटीएवढं एक यंत्र असे. नोकरीवर घेतानाच त्याला संमती द्यावी लागे. ते सगळं ऐके, वेडंवाकडं काही वाटलं की वर कळवे. लोकांनी त्याचं नाव मावशी ठेवलं होतं. मावशीसमोर नवराबायको भांडतसुद्धा बेताने. निनाद आणि केतकी सात वर्षं मावशीच्या छायेत राहत होते. भाजी, बदल्या, सासूबाईंचे गुडघे, यापलीकडे त्यांचं बोलणं फारसं जात नसे. आणि साऱ्या पंचक्रोशीत जिथे कोणाचाच कान नव्हता, अशा एकुलत्या एका खोलीत त्याची बायको महिन्यातून आठ दिवस दुसऱ्या पुरुषाशेजारी बसत होती.

पुरुष तरी कसा असावा? रुक्ष, टकला, दुसऱ्या भाषेतला असता तर निनादला इतकं लागलं नसतं. पण परकारची आजी मूळची दाभोळ खाडीकाठची. फाळणीच्या आधी तिचे वडील कराचीच्या गोदीत कामाला गेले आणि कुटुंब तिकडचंच झालं. आजीने नातवाला मांडीवर बसवून आपली बोली शिकवली. ती जुनी, इथेही आता कोणी न बोलणारी बोली तोंडात घेऊन हा माणूस वेताळसड्यावर उतरला, आणि केतकी तर गुहागरच्या पालशेतकरांची. पहिल्याच दिवशी तो "तुमचं गाव खंयचं?" म्हणाला आणि केतकीचा चेहरा असा उजळला की निनादने तो नंतर कितीतरी दिवस आठवला. निनाद सोलापूरचा. नवराबायको घरात पुस्तकी मराठी बोलत, दोघांच्या मधली म्हणून. केतकी गावची बोली विसरली असेल असं त्याला वाटत आलं होतं. ती विसरली नव्हती. बोलायला माणूस नव्हता एवढंच.

मग एका रविवारी तिने फणसाचं सांदण केलं. लग्नानंतर पहिल्यांदा.

"हे कधी शिकलीस?"

"यायचंच मला."

"मग इतकी वर्षं का नाही केलंस?"

"तुला भाकरी लागते ना." तिने नारळाचं दूध त्याच्या वाटीत ओतलं. "यासिरच्या आजी करायच्या म्हणे. त्यावरून आठवण झाली."

यासिर. डॉक्टर परकार नाही, परकारसाहेब नाही. निनादने सांदण खाल्लं. ते चांगलं झालं होतं, आणि त्याच गोष्टीचा त्याला सगळ्यात जास्त राग आला.

कावीळ झालेल्याला सगळं पिवळंच दिसतं. तपासणीच्या दिवशी केतकी कुठली साडी नेसते, केसांत काही माळते का, हे तो बघू लागला. ती गप्प असली तर कोणाच्या विचारात, आणि बोलली तर काय लपवायला, असं त्याचं चाले. विचारायची सोय नव्हती. "तुझं त्याच्यावर मन बसलंय का?" असं घरात विचारलं असतं तर मावशीने ते तत्काळ वर कळवलं असतं, शेजारी देशाचा निरीक्षक आणि आपली अधिकारी, म्हणजे दुसऱ्या दिवशी चौकशी, केतकीची नोकरी जाणार आणि तपासणीची फेरी रद्द होणार. बाहेर कातळावर फिरायला जावं तर तिथेही खांबाखांबावर कान. आतल्या आत माणूस किती दिवस कुढणार? त्याच्या हातात एकच विद्या होती. त्याने ती वापरली.

माणसाचं शरीर म्हणजे बरंचसं पाणी, आणि पाणी न्यूट्रॉन अडवतं. म्हणूनच तर ती खिडकी पाण्याने भरलेली. तरीही थोडे चुकार न्यूट्रॉन खिडकीतून बाकापर्यंत पोचतच; माणसाला त्याने काही होत नसे, पण चांगली कुपी ते टिपू शकली असती. बाकाच्या पाठीमागे सहा कुप्या ओळीने लावल्या, तर जिच्यासमोर माणूस बसला असेल तिच्यात बुडबुडे कमी दिसतील. दोन माणसं दोन टोकांना बसली असतील तर दोन सावल्या पडतील. जवळ बसली असतील तर एकच, रुंद.

ही कल्पना सुचली तेव्हा निनादला क्षणभर स्वतःचं कौतुक वाटलं. दुसऱ्या क्षणी त्याला कळलं की आपण काय करायला निघालोय. पेटीसमोर न भरलेली उघडी कुपी ठेवणं म्हणजे तिला मुठीतले चिंचोके मोजू देणं. आत माल किती, तो न्यूट्रॉन किती सोडतो, किती गिळतो, याचा पत्ता त्या सहा कुप्यांमध्ये उतरणार होता. जाणकाराच्या हाती पडल्या तर आयुष्यभराची कोडी सुटावीत. आणि केंद्रात अशी कुपी आत जाऊ नये म्हणून नेमलेला माणूस कोण, तर निनाद बिराजदार. कुंपणानेच शेत खायचं ठरवलं होतं.

पण मत्सर माणसाला वकील करतो. कुप्या मीच ठेवणार, मीच काढणार, मोजून झालं की लगेच टोपणं पिळून पुसून टाकणार, मग कोणाचं काय बिघडलं? त्याने जादा कुप्यांमधल्या सहा घेतल्या. बाकीच्यांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येकीच्या गळ्याला निळा दोरा गुंडाळला. चौकटी लावायला तो पाहुण्यांच्या तंत्रज्ञाला घेऊन आत गेला, आणि तो बिचारा खाली वाकून स्क्रू आवळत होता तेव्हा निनादने बाकाच्या मागच्या पट्टीखाली त्या सहा चिकटवल्या.

दुसऱ्या दिवशी, फेरीच्या शेवटच्या तपासणीला, केतकी आणि परकार आत गेले. निनाद बाहेर बसून राहिला. चहा आला, गार झाला. दार उघडलं तेव्हा केतकी हसत नव्हती. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. परकार नेहमीसारखी मान लववून गेला.

चौकटी उतरवताना निनादने पट्टीखाली हात घातला. सहाही कुप्या जागेवर होत्या. त्या खिशात टाकून तो आपल्या खोलीत आला, दार लोटलं आणि त्याने त्या दिव्याखाली ओळीने मांडल्या.

सहाही सारख्या होत्या. काठोकाठ बुडबुडे. ना एक सावली, ना दोन.

पहिला विचार मनात आला तो मत्सराचाच. बाकावर कोणी बसलंच नव्हतं. मग चार तास होते कुठे? बसायला दुसरी जागा नाही. उभे होते? की... त्या दोघांची नको नको ती चित्रं त्याने डोळ्यांसमोर उभी केली, आणि ती मोडायला त्याला बराच वेळ लागला. मग त्याच्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. चुकार न्यूट्रॉनांनी कुपी काठोकाठ भरणं शक्यच नव्हतं. इतक्या भरलेल्या, इतक्या सारख्या कुप्या जगात एकाच ठिकाणी मिळत, काम झालेल्या चौकटीत. म्हणजेच गाभाऱ्यातल्या बादलीत. त्याने एक कुपी उचलून बघितली. गळ्याला दोरा नव्हता.

कोणीतरी त्याच्या कुप्या काढून तिथे बादलीतल्या ठेवल्या होत्या.

तो खुर्चीत बसला. आत दोघंच होती. केतकीने ओळखलं असेल, तर संसार गेला. परकारने काढल्या असतील, तर त्या कुप्या आत्ता त्याच्या खिशात आहेत, आणि पाहुण्यांचं विमान संध्याकाळी उडणार आहे. करारानुसार त्यांची झडती घेता येत नव्हती. विमान थांबवायला एकच रस्ता होता. संचालिका भागवतमॅडमना फोन करायचा आणि आपण काय केलं ते सांगायचं. मग आपल्यावर देशद्रोहाचा खटला, केतकीवर चौकशी, करार मोडीत, आणि दोन्हीकडची डोकी पुन्हा धडांवर. एका माणसाला बायको किती अंतरावर बसते ते बघायचं होतं, म्हणून.

त्याने फोन उचलला. भागवतमॅडमचं नाव समोर आलं. मग त्याने फोन खाली ठेवला आणि तो घरी निघाला. आधी तिचा चेहरा बघू, असं त्याने स्वतःला सांगितलं. देशापेक्षा बायकोचा चेहरा आधी बघावासा वाटला, ही त्याची खरी कबुली. कोणी विचारलं नाही म्हणून ती कुठे नोंदली गेली नाही.

केतकीने पानं घेतली होती. अजून उजेड होता, तरी तिने जेवायचं काढलं होतं. तो ताटावर बसला आणि त्याला दिसलं. वाटीशेजारी, जिथे ती रोज चटणी वाढायची तिथे, सहा निळे दोरे नीट एकावर एक ठेवलेले होते.

छतावर मावशीचा हिरवा ठिपका शांत तेवत होता.

निनादने तोंड उघडलं. केतकीने मान हलवली, इतकी थोडी की दुसऱ्या कोणाला ती हललेली कळलीही नसती. मग तिने लोणच्याची बरणी पुढे ओढली, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून झाकण पिळलं, अगदी घट्ट होईपर्यंत पिळलं, आणि बरणी खाली ठेवली. पुसल्या होत्या. निनादच्या छातीतला श्वास इतक्या जोरात बाहेर पडला की मावशीला त्यात काही वावगं वाटू नये म्हणून त्याला खोकावं लागलं.

"तिखट लागलं का?" केतकी म्हणाली.

"थोडं."

"मी भागवतमॅडमना भेटून आले. मला त्या खोलीत फार वेळ बसवत नाही, पाठ धरते, असं सांगितलं. पुढच्या फेरीपासून आत तू जायचंस. कुप्या मी भरणार."

"केतकी..."

"भात घे," ती म्हणाली.

त्या महिन्यात ती त्याच्याशी वाईट वागली नाही. तेच जास्त वाईट होतं. तिच्या हातात आता एक असं अस्त्र होतं की एका शब्दात तिने त्याला उद्ध्वस्त केलं असतं, आणि ती ते वापरणार नाही हे दोघांनाही माहीत होतं. पण आहे, हेही माहीत होतं. निनाद भांडी घासू लागला. सासूबाईंना फोन करू लागला. हे प्रेमाने होत होतं की धाकाने, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. त्याची माफी मागायची इच्छा होती, पण माफी मागायची तर गुन्हा उच्चारायला हवा, आणि उच्चारला की मावशीने तो वर कळवला असता. सहा दोरे त्याने पाकिटात ठेवले. त्याशिवाय एक विचार होता, तो मात्र पाकिटात मावत नव्हता. त्या दिवशी आत नक्की काय झालं, हे केतकीला माहीत होतं आणि परकारला माहीत होतं. त्या दोघांमध्ये तोवर काही नसलंच, तरी आता होतं. आणि ते निनादने स्वतःच्या हाताने तिथे नेऊन चिकटवलं होतं.

पुढच्या फेरीला तो परकारबरोबर गाभाऱ्यात शिरला. जाड दार सरकून बंद झालं. खिडकीतलं पाणी निळसर दिसत होतं, पलीकडे पेटी. दोघं बाकावर बसले, दोन टोकांना.

पलीकडे झोत सुरू झाला. मग परकारच म्हणाला, "साहेब, हितं कोण ऐकत नाय. विचारा काय विचारायचं ते."

"कुप्या कोणाला सापडल्या?"

"मना. चप्पल सरकली म्हणून वाकलो, तर हाताला लागल्या." त्याने पट्टीवरून हात फिरवला. "निळा दोरा, आत मोजकेच बुडबुडे. बघताक्षणी कळलं. साहेब, माझ्या खात्यात या सहा कुप्यांसाठी झुरून झुरून म्हातारे झालेले लोक हायत. खिशात टाकल्या असत्या तर कोण बघणार होतं? आमची तर झडतीसुद्धा नाय."

"मग?"

"तिच्या हातावर ठेवल्या. ती पांढरीफटक पडली. दोरा ओळखलान तिनं. मग म्हणाली, पुसा. दोरे सोडवून घेतलान, आणि कुप्या माझ्याकडेच दिलान. मी एकेक टोपण पिळलं. तिनं बादलीतल्या सहा काढून लावलान, म्हणाली, त्याला सपाट बघू दे."

निनाद त्याच्याकडे वळला. "कळवलं का नाहीत? करारात तुमचं पारडं जड झालं असतं."

"झालं असतं."

"आणि खिशातही टाकल्या नाहीत. का?"

परकारने खिडकीकडे बघितलं. "तिनं सांगितलान म्हणून," तो म्हणाला.

त्यापेक्षा त्या माणसाने पैसे मागितले असते तर निनादने आनंदाने दिले असते. धमकी दिली असती तर त्याला सहन करता आली असती. हा माणूस हलकट निघावा, अशी तो मनोमन देवाला प्रार्थना करत आला होता. आणि हा तर आपल्या देशाचं आयुष्यभराचं घबाड एका बाईच्या एका शब्दावर पिळून मोकळा झाला होता. निनाद जिवंत होता, मोकळा होता, त्याची नोकरी होती, करार होता, सीमेच्या दोन्ही बाजूंची माणसं झोपत होती, ती या माणसाच्या कृपेने. आणि त्या कृपेचं कारण निनादला नको होतं तेच होतं. उपकार आणि पुरावा एकाच कुपीतून आले होते.

"तुमचं तिच्यावर..." त्याला वाक्य पुरं करता येईना.

"मी होय म्हटलं तर तुमी लगेच मानाल," परकार शांतपणे म्हणाला. "नाय म्हटलं तर मरेपर्यंत मानणार नाय. मग सांगून उपयोग काय?"

"आणि तिचं?"

"ते तिचं हाय. ते तिनं माझ्याकडं कधी बोललान नाय, आणि बोलली असती तरी मी सांगितलं नसतं." तो पुढे म्हणाला, "हितं बसून ती काय बोलायची, ते मी तुमाला सांगणार नाय साहेब. तुमी बोलायला लावा तिला. मावशी हाय म्हणता. अवो, मावशी नव्हती तेव्हा तरी तुमी विचारत होता काय?"

उत्तर निनादला आठवत होतं.

उरलेला वेळ दोघं खिडकीतून पेटीकडे बघत बसले. कधीतरी परकारने आजीची एक गोष्ट सांगितली, तिने कराचीच्या बाजारात भाव करताना कोळणीला आपल्या बोलीत शिव्या दिल्या आणि कोळीण रत्नागिरीचीच निघाली ती. सांगताना त्याचा चेहरा गंभीर होता. निनादला हसायचं नव्हतं. तो हसला. दार सरकलं तेव्हाही तो डोळे पुसत होता, आणि ते हसण्याचंच पाणी होतं असं छातीवर हात ठेवून त्याला सांगता आलं नसतं.

चौकट बाहेर आली. केतकीने भरलेल्या कुप्या, एकूण एक सारख्या. चित्र सपाट होतं. बॉम्ब खरा होता.

केतकी मार्गिकेत उभी होती. तिने परकारकडे बघून मान हलवली, परकारने तिच्याकडे बघून. मग तो पाहुण्यांच्या निवासाकडे वळला. ती निनादबरोबर चालू लागली. दोघं घरी आली. त्याने चपला काढल्या, हातपाय धुतले. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, वर हिरवा ठिपका तेवत होता.

"काय बोललात आत?" तिने विचारलं. सहज विचारल्यासारखं.

"काही नाही. हवापाण्याचं."

"चार तास हवापाण्याचं?"

तिचा आवाज किंचित चढला होता. निनादने तिच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत जे होतं ते त्याच्या चांगल्या ओळखीचं होतं. कितीतरी महिने दाढी करताना तो ते आरशात बघत आला होता. आणि देवाशपथ सांगायचं तर, त्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला बरं वाटलं.